ताईकडे जायची चाकं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७

गाडीची चाकं बघून आज पुन्हा तोंड फिरवलं. लाल गाडी, दोन दारं, दोनच सीटं. आत बसलं की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटतं आणि इंजिन चालू केलं की समोरच्या घराच्या काचा वाजतात. आणि खाली चाकं बघावीत तर पैलवानाने बायकोच्या सपाता घातल्यासारखी. मागचं चाक आणि मडगार्डची कड यांच्यामधली फट लांबून दिसते. किळस येते.

बत्तीस वर्षं बस डेपोच्या टायर सेक्शनला काढली. जन्मभर दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरली. शाळा सातवीत सुटली, पण चाकातलं मला कोणी शिकवू नये. ही गाडी निवृत्तीनंतर स्वतःसाठी घेतली. चौदा वर्षं जुनी आहे, पण ते मला माहीत आणि गाडीला माहीत.

घेताना हिला शब्द दिला होता, पहिली फेरी तुझ्या ताईकडे. त्याला सात महिने झाले. आज चहा पुढे ठेवून म्हणाली, ताई बावीस तारखेला मुलाकडे परदेशी चालली, कायमची, आता तरी न्या. न्यायचंच आहे. पण या चाकांवर नाही. ताईचे यजमान, म्हणजे आमचे साडू, फाटकात उभे असतात. आलेल्याची आधी गाडी बघतात, मग माणूस. तीस वर्षं चारचौघांत माझी ओळख ‘आमचे पंक्चरवाले’ अशी करून देतात. मी आयुष्यात पंक्चर काढलेलं नाही. पंक्चरचा सेक्शन वेगळा होता.

संकल्प: बाराच्या आत नवी चाकं. पंधराला ताईकडे.

४ फेब्रुवारी

चाकांच्या दुकानात गेलो. भिंतभर चाकं टांगलेली. काळी, सोनेरी, एक तर जांभळं. बघवेना. दुकानदार दाढीवाला. डोक्यावर केस नाहीत, सगळे खाली उतरलेत. म्हणाला, काका, ऑफसेट किती हवा? मी म्हटलं, चांगल्यातला दे. मग त्याने समजावलं की ऑफसेट म्हणजे चाक किती आत बसणार आणि किती बाहेर. हे मला माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

कमी पडलं तर मध्ये स्पेसर घालता येतो म्हणे. स्पेसर म्हणजे जाड चकती, ती घातली की चाक बाहेर येतं. डेपोत असले नखरे नव्हते.

दाढी म्हणाला, गाडी घेऊन या, मी माप घेतो. मी म्हटलं, तू पाळण्यात होतास तेव्हापासून चाकं हाताळतोय, माप मीच आणतो. खरं तर डेपोत माप घ्यायची वेळ कधी आली नाही, टायरवरच छापलेलं असायचं. पण नजर तयार होते.

५ फेब्रुवारी. दुपारी

माझी लोखंडी टेप गंजून चिकटली आहे. हल्लीचं लोखंड. हिच्या विणकामाच्या टोपलीतून कापडी टेप घेतली. ही ताईसाठी स्वेटर विणते आहे, तिकडे थंडी फार म्हणून. टेप घेताना काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, मापाच्या वेळी बोलू नये, आकडा हलतो. लोकर उचलून आत गेली.

मागच्या चाकाला बाहेरून जागा तीन सेंटीमीटर. आतून दोन. तीनदा घेतलं, तीनदा तेच आलं. तीनदा तेच येतं म्हणजे बरोबर. एकूण पाच. म्हणजे आत्ताच्यापेक्षा चार सेंटीमीटरने रुंद चाक आरामात बसेल, वर एक शिल्लक.

पाठीत उसण भरली. पुढची मापं घेतली नाहीत. पुढे तेवढीच असणार.

७ फेब्रुवारी

चाकं पक्की केली. करड्या रंगाची, दहा काड्यांची. टायर इतका चपटा की रिमला कंबरपट्टा बांधल्यासारखा. असलं रबर डेपोत कोणी बाद ढिगातही ठेवलं नसतं. पण हल्ली हेच चालतं आणि साडूंना हेच कळतं.

दाढी म्हणाला, काका, एवढं रुंद घेताय, एकदा गाडी आणा, एक चाक लावून बघू, मग मागवू. रंग तुमच्यासाठी मुद्दाम देणार, परत घेता येत नाही. मी म्हटलं, माप म्हणजे माप. त्याने वहीत लिहून खाली माझी सही घेतली. विश्वास नावाची गोष्ट उरलेली नाही.

घरी ही म्हणाली, टेप द्या. दिली नाही, पुन्हा लागेल. आता स्वेटर वितींनी मोजते आहे. मोजू दे. लोकर ताणते, चाक ताणत नाही.

९ फेब्रुवारी

साडूंचा फोन. म्हणतात कसे, काय पंक्चरवाले, ऐकतो की विमान घेतलंय. मी म्हटलं, पंधराला सकाळी दहाला फाटकात उभे राहा. ते म्हणाले, मी कुठे जातोय, बावीसपर्यंत फाटकातच आहे. आणि हसले. त्या हसण्यात साठ टक्के कुत्सितपणा होता. दुपारचं जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी

चाकं बसली. दाढीने पहिलं मागचं चाक लावलं तर आतून घासलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. मग त्याने स्पेसर घातले आणि चाक बाहेर आलं. अगदी मडगार्डच्या कडेला कड. आता तिथून बोटसुद्धा जात नाही. सुंदर. याला म्हणतात उभं राहणं.

दाढी म्हणाला, काका, फार जवळ आलंय, मागे वजन टाकू नका. मी म्हटलं, दोन सीटांच्या गाडीत मागे कोण बसतंय? हसला नाही. धंदेवाल्यांना विनोद कळत नाही.

जुनी चाकं तिथेच टाकली. म्हटलं, कोणाला दे, नाहीतर जाळ, माझ्या नजरेसमोर नको.

एकटा घरी आलो. कुठेही आवाज नाही. ही खिडकीत होती. म्हणाली, छान दिसते. सात महिन्यांत पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी, रविवार

निघालो साडेआठला. हिने नव्या चपला घातलेल्या. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि मागून खर्रर्र. पुढच्या खड्ड्यात पुन्हा खर्रर्र, वर जळक्या रबराचा वास. उतरून बघितलं. डावं मागचं चाक मडगार्डच्या कडेला लागतंय. माझ्या बाजूचं लागत नाही. मी बावन्न किलो.

हिला म्हटलं, पुढे सरकून बस. सरकली. मग म्हटलं, माझ्याकडे कल. कलली. मग म्हटलं, खड्डा आला की श्वास धरून ठेव. तेव्हा म्हणाली, गाडी घरी घ्या. घेतली. साडूंना कळवलं, पाहुणे आलेत. कोण पाहुणे, असं विचारायची त्यांना काय गरज?

दुपारी तिच्या सीटवर पाण्याचे कॅन ठेवून फेऱ्या मारल्या. दोन कॅन, चाळीस लिटर, घासलं नाही. तिसरा ठेवला, घासलं. म्हणजे मर्यादा चाळीस आणि साठ किलोच्या मध्ये कुठेतरी. हिला सहज वजन विचारलं. उत्तर आलं नाही. संध्याकाळपासून काहीच आलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

दुकानात गेलो. दाढी म्हणतो, स्पेसर काढला तर आतून घासणार, ठेवला तर बाहेरून. इकडे आड, तिकडे विहीर. जुनी चाकं परत दे म्हटलं. ती कोणी तरी बोट ओढायच्या ट्रेलरला लावून नेली. माझी चाकं बोटीला. कमी रुंदीचा टायर घातला तर जमेल, पण तो यायला दहा दिवस. ताई सहा दिवसांत जाणार.

मग विचारतो, काका, माप कशाने घेतलं होतं? मी ऐकलंच नाही असं दाखवून बाहेर आलो. दुकानाला बाहेरून रंगसुद्धा नाही.

१७ फेब्रुवारी

ही आज बोलली. म्हणाली, टेप द्या. दिली. तिने टोक माझ्या डोळ्यांसमोर धरलं. टेप एकपासून सुरू होते. टोक फाटलं होतं म्हणून पहिला सेंटीमीटर मीच कापला, म्हणाली, सहा वर्षं झाली. मी प्रत्येक मापातून एक वजा करते. त्या दिवशी तेच सांगत होते तुम्हाला.

म्हणजे बाहेरून दोन, आतून एक. पाचाचे तीन झाले आणि चाक चारने रुंद.

यात माझं माप चुकलेलं नाही. माप बरोबर होतं, टेप चुकीची होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिला तसं समजावलं. तिने शांतपणे लोकर गुंडाळली. वितींनी मोजलेला स्वेटर पुरा झाला. अंगाला लावून दाखवला. दोघींचं माप एकच, बरोब्बर आला. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

१९ फेब्रुवारी

ही म्हणते, बसने जाऊ, दीड तासाचा तर रस्ता. बसने? साडूंच्या फाटकासमोर बसमधून उतरायचं? बत्तीस वर्षं बसचंच अन्न खाल्लं, ते खरं. पण ते गुपचूप.

मडगार्डची कड हातोडीने आत वळवली. वळली नाही, पोचा आला. पोच्याभोवती रंगाचे पोपडे. आतून दुसराच रंग निघाला, हिरवा. गाडी विकणारा बोलला नव्हता. माणसांचा वीट आला आहे.

संकल्प: शनिवारी हळू चालवत जायचं. हळू गेलं तर घासणार नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५

सकाळी आठला निघालो. हळू. इतकं हळू की एक सायकलवाली बाई मागे वळून बघत पुढे गेली. तरी घासलं. चौथ्या किलोमीटरला धूर आला. ही म्हणाली, थांबवा. समोर बस स्टॉप होता. उतरली. मी म्हटलं, चाक थंड झालं की निघू. ती म्हणाली, ताई उद्या जाते आहे, चाक कधीही थंड होईल. बस आली. पायरीवरून वळून म्हणाली, तुम्हीपण चला ना. मी म्हटलं, गाडी रस्त्यावर कशी टाकू? बरं, म्हणाली आणि चढली. खिडकीशी जागा मिळाली तिला. बसच्या मागच्या टायरात हवा कमी होती, सवयीने बघितलं.

मी बसच्या मागे निघालो. एकटा. अजिबात घासलं नाही. गतिरोधक, खड्डे, पूल, कुठेच नाही. सत्तरचा वेग घेतला, तरी नाही. थेट ताईच्या दारापर्यंत गेलो असतो. पण मनात आलं, साडू फाटकात विचारणार, बायको बसमध्ये आणि गाडी रिकामी, हे कसं काय? पुलापलीकडे गाडी वळवली. बस तशीच पुढे गेली.

परत येतानाही आवाज नाही. म्हणजे माप तसं बरोबरच होतं.

चारला साडूंचा फोन आला. म्हणाले, ती पोचली, दोघी बहिणी आतल्या खोलीत आहेत, बाहेर येत नाहीत. मी सकाळपासून फाटकात होतो, तुमची गाडी बघायची होती हो, मलाही आवड आहे. पंक्चरवाले म्हणाले नाहीत. हसलेही नाहीत. रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

आता गाडी पुसायला गेलो तर हिची पिशवी तिच्या सीटखाली सापडली. आत ताईचा स्वेटर. हातात घेऊन बघितला. अर्धा किलोसुद्धा भरणार नाही.

तेवढ्याने घासलं नसतं.