दगडावरचं नाव

प्रिय एनेको दादा,

आईला कसं समजवायचं? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर येत नाही. ती तुझ्या थडग्यापाशी बसून तुला ‘इग्नासिओ’ अशी हाक मारते.

त्या हुकूमशहा जनरलच्या राज्यात आपल्या बास्क भाषेतली नावं नोंदवायला बंदी होती, म्हणून कागदावर तू इग्नासिओ झालास. कारखान्यात तू भाजलास त्या दिवशी मी परीक्षेला गेले होते. आई एकटीच बिल्बाओच्या इस्पितळात गेली आणि घाबरून एनेकोचीच चौकशी करत राहिली.

“असा कोणी इथे नाही, बाई. आणि ही बास्क नको, जरा ख्रिस्ती माणसांच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये बोला,” कारकून म्हणाला.

ती परत फिरली. वरच्या मजल्यावर तू संध्याकाळपर्यंत जिवंत होतास.

“कागदावरचं नाव घेतलं असतं, तर पोराचा हात तरी धरायला मिळाला असता,” ती म्हणते. एनेको म्हणजे ‘माझा चिमुकला’. तिनेच ठेवलेलं ते नाव ती आता तोंडातून काढत नाही.

जनरल गेला, कायदाही बदलला. आईला मी विचारलं नाही. आज सकाळी बाबांची छिन्नी घेऊन दगडावरचं इग्नासिओ काढून टाकलं आणि एनेको कोरलं. अक्षरं वाकडी आली आहेत, पण खोल आहेत.

तुझी बहीण,
एदुर्ने