कृष्णाला रंग लावायचा नाही

रायस्वाइक (हॉलंड), १२ जून २००५

ती. स्व. दीनानाथमामांस,
सुचित्राचा सा. न. वि. वि.

तुमची एकांकिका पोचली. कृष्ण तह करायला कौरवांच्या दरबारात जातो, एवढाच प्रसंग घेऊन काय बहार उडवली आहे तुम्ही! इथल्या भारतीय मंडळाच्या गणेशोत्सवात तीच करायची ठरलंय, पण इंग्रजीतून. रागावू नका. इथली आपली मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर डचमध्ये देतात. भाषांतर मी केलंय. तुमचा जावई यशोधन दुर्योधन झालाय. मंडळाचा सेक्रेटरी असल्यामुळे गुर्मीची तालीम त्याला वेगळी करावी लागत नाही.

कृष्ण मात्र मी मंडळाबाहेरचा धरलाय. आमच्या खालच्या मजल्यावर एबेनेझर क्वार्शी राहतो. घानाचा आहे. त्याची अबेना आणि आमची मृण्मयी एका वर्गात. परवा त्याच्या बायकोनं जुने फोटो दाखवले आणि मी थक्क झाले. हा माणूस तिकडे टीव्हीवरच्या मालिकेत गावचा राजा व्हायचा. बाजारातल्या बायका त्याला खरोखर वाकून नमस्कार करायच्या म्हणे. सिनेमात वकील झाला, पाद्री झाला, सहा मुलींचा दारुडा बापही झाला. नाटकमंडळीबरोबर ॲमस्टरडॅमला आला, लग्न केलं आणि इथलाच झाला.

आणि इथल्या मालिकांत काय होतो? चोर. नशेची पुडकी नेणारा. कालव्यात तरंगणारं प्रेत. संहितेत त्याला नावसुद्धा नसतं, नुसतं 'आफ्रिकन माणूस'. डच उत्तम बोलतो, तर दिग्दर्शक म्हणाला की इतकं चांगलं बोलू नकोस, अडखळ. हे ऐकून मला शिसारी आली. वर्गातली पोरं अबेनाला विचारतात, तुझा बाबा या आठवड्यात पकडला गेला का? बाबा टीव्हीवर आला की ती पोर डोळे मिटून घेते. एबेनेझर आता हे सगळं सोडून फुलांच्या गोदामात नोकरी धरणार आहे. त्याआधी एकदा तरी मुलीनं मला ताठ उभं राहिलेलं बघावं, असं तो म्हणाला. मी तिथल्या तिथे त्याला कृष्ण देऊन टाकला.

कमिटीला अजून सांगितलेलं नाही. तुमचं मत लगेच कळवा. मामींना नमस्कार. भाचीवर लोभ आहेच, या खेपेला थोडा जास्त लागेल.

तुमची,
सुचित्रा


पुणे, २६ जून २००५

चि. सौ. सुचित्रास,
अ. उ. आ.

इंग्रजी केलंस हे वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मामीनं पुरणपोळी केली, मग लागलं.

कृष्णाबद्दल मत काय विचारतेस? ज्याचं नावच 'काळा' त्याला काळा माणूस का चालू नये? पण तुझी कमिटी मी इथे बसून ओळखतो. मी रंगानं असा काळा, म्हणून शाळेपासून जन्मभर नाटकात मला राक्षस नाही तर द्वारपाल. एकदा राम मागितला, तर मास्तर म्हणाले, दीनानाथ, पावडर पुरणार नाही. सगळे हसले. मीही हसलो, याचीच आज जास्त किळस येते. आपल्याकडे आरतीत घननीळ, सावळा, मेघश्याम, आणि मुलगी बघायला गेलं की 'रंग जरा कमीच आहे, पण नाकीडोळी नीटस'. देव काळा चालतो, जावई चालत नाही. तेव्हा सावध राहा. ते त्याला राक्षस करायला बघतील.

त्याला सांग, कृष्णानं घाई करायची नाही. आत यायचं, सगळ्यांकडे एकदा बघायचं, मग बोलायचं. यशोधनरावांना म्हणावं, दुर्योधन नुसता ओरडून होत नाही.

प्रकृतीला जप. आमचा लोभ टपालखर्चासकट तुझाच.

तुझा,
दीनानाथमामा


रायस्वाइक, ७ ऑगस्ट २००५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या जिभेवर तीळ आहे का हो?

तालमी फार सुंदर चालल्या होत्या. एबेनेझरनं पहिल्याच दिवशी विचारलं की युद्ध होणारच हे कृष्णाला ठाऊक असतं, मग तो जातोच कशाला? त्यानंच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की उद्या कुणाला म्हणता येऊ नये, आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मग तो नुसता आत आला आणि बघत उभा राहिला, तर आमचे चहा पीत बसलेले कौरव उठून उभे राहिले.

गेल्या रविवारी कमिटी बघायला आली. अध्यक्ष मोरेश्वर जोगळेकर, आइंडहोवनला कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याच्या मशिनींच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस, टाळ्या वाजवत म्हणाले की ॲक्टर फर्स्ट क्लास आहे, याला दुःशासन द्या, मेकअपचीही गरज नाही. मी म्हटलं, कृष्ण काळाच होता. तर कमिटीतली शर्मिला म्हणाली, काळा नाही गं, निळा. मुलं कन्फ्यूज होतील. मग मोठा उदारपणा केल्यासारखा तोडगा निघाला: कृष्ण त्यालाच ठेवा, पण तोंड, मान, हात सगळं निळं फासा, म्हणजे कोण आहे ते कळायचं नाही. हे सगळं त्याच्यासमोर, हिंदीत! त्याला कळणार नाही अशी समजूत. अहो, त्यानं लहानपणी घानात, अक्राच्या थिएटरात हिंदी सिनेमे पाहिलेत. आणि ते नसते पाहिले तरी आपली तोंडं काय त्याला वाचता येत नव्हती? मला इतकी घाण वाटली, की त्या खोलीतला चहा मी तसाच टाकून दिला.

एबेनेझर शांतपणे म्हणाला, की डिसेंबरात इथले गोरे लोक सणासाठी तोंडाला काळं फासतात, ते बघायची मला सवय झाली आहे. पण मी रंग लावणार नाही. माझ्या मुलीनं मला ओळखलं पाहिजे.

यशोधन गप्प बसला होता. घरी येतानाही गप्प. मला त्याचाही वीट आलाय. आता काय करू, ते लिहा.

तुमच्या लोभाची आज खरोखर गरज असलेली,
सुचित्रा


पुणे, १७ ऑगस्ट २००५

चि. सौ. सुचित्रास,
अ. उ. आ.

पुढच्या ओळी कमिटीला वाचून दाखव. या एकांकिकेचा लेखक जिवंत आहे आणि त्याची एकच अट आहे. कृष्णाला रंग लावायचा नाही. क्वार्शी यांनी कृष्ण करावा, नाही तर माझं नाटक करू नये. त्याऐवजी खुशाल फिल्मी गाण्यांवर नाचावं, ते तुम्हाला जास्त शोभेल.

आमच्या जावईबापूंना वेगळं सांगणं असं, की दरबारात अन्याय चालला असताना भीष्मसुद्धा गप्प बसला होता. त्याला कुणी शाबासकी दिलेली माझ्या वाचनात नाही. हे वाचून ते रागावले, तर मला आनंदच होईल.

माझा लोभ तुझ्यावर आहे. मंडळावर उरलेला नाही.

दीनानाथमामा


रायस्वाइक, १२ सप्टेंबर २००५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी नाटक झालं. कृष्ण एबेनेझरच होता, आणि रंगाचं बोटही लावलं नव्हतं.

तुमचं पत्र यशोधननंच वाचून दाखवलं, स्वतःबद्दलच्या ओळींसकट. मग म्हणाला, की दुसरा कृष्ण आणलात तर दुर्योधनही दुसरा बघा. जोगळेकर नाही म्हणाले नाहीत. त्यांची सरळ नाही म्हणायची रीतच नाही. त्यांनी नाटक जेवणानंतर ठेवलं. श्रीखंड-पुरी झाली, हात धुतले आणि निम्मा हॉल ट्रॅमची वेळ झाली म्हणून उठला. स्वतः जोगळेकर श्रीखंडाचा डबा काखेत मारून सहकुटुंब गेले, तेही कृष्ण आत येत असताना, त्याच्या समोरून. जाताना गणपतीला मात्र भक्तिभावानं हात जोडले. शर्मिला तेवढी राहिली, आणि नंतर तिनं फोटो काढले ते फक्त कौरवांबरोबर. मी मंडळ सोडलंय. पुन्हा त्यांच्या आरतीला उभी राहणार नाही.

पण तुम्हाला शेवटचा प्रसंग सांगायचाय. दुर्योधन ओरडतो की बांधा याला, आणि शिपाई दोर घेऊन धावतात. अबेना माझ्या शेजारी बसली होती. दोर दिसला मात्र, पोरीनं डोळे गच्च मिटले. मृण्मयीनं तिच्या कानात डचमधून सांगितलं की बघ, त्यांना जमतच नाहीये. अबेनानं एक डोळा उघडला. एबेनेझर जागचा हलला नव्हता. दोर खाली पडले होते, शिपाई पाया पडत होते, आणि तो दरबाराकडे पाठ करून सावकाश चालत, कुणी न धरता, बाहेर गेला.

घरी येताना ती पुढे उड्या मारत होती. आईला कामावर फोन लावून तिनं सगळी गोष्ट सांगितली. कौरव नाही, पांडव नाही, कृष्णसुद्धा नाही. एवढंच सांगितलं, की आज पप्पांना कुणी पकडून नेलं नाही.

मामींना नमस्कार. आहे तसाच लोभ ठेवा.

तुमची,
सुचित्रा