राणीचे सहा

३ मार्च, सोमवार

राणी पुन्हा जिंकली! सलग पाचवा डाव. शेवटच्या सोंगटीला नेमके चार हवे होते, नेमके चारच पडले. बाबा टॅबलेटवर थाप मारून हसले — उजव्या हाताने, डावा अजून उचलत नाही. म्हणाले, हिच्या फाशात काय भरलंय कोण जाणे. मी तेव्हा त्यांच्या गोळ्या डबीत भरत होते. जाऊन बघून आले. पडद्यावर लाल रंगाची आतषबाजी चालली होती.

रोज संध्याकाळी सातला हा लुडो. धाकटी तिकडे तिच्या शहरात, बाबा इथे माझ्या बैठकीच्या खोलीत. हिरव्या सोंगट्या बाबांच्या, लाल तिच्या. लाल घरापाशी नाव — राणी. आमच्या घरात लाडाचं नाव एकाच मुलीला मिळालं. ती जन्मली त्या दिवशी मी साडेतीन वर्षांची ताई झाले. पुढे कुणी काही वेगळं म्हटलंच नाही.

४ मार्च

पुन्हा हरले बाबा. पुन्हा खूश!

६ मार्च, गुरुवार

लिहूनच टाकते. पोटात दुखतंय माझं. अर्धांगाचा झटका आला त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून बाबा माझ्याकडे आहेत. पथ्याचं जेवण, हाताचा व्यायाम, नखं कापणं, डॉक्टरांकडच्या फेऱ्या — सगळं मी करायचं. हसणं मात्र तिच्या वाट्याला! बाईसाहेब उंटावरून शेळ्या हाकणार.

आणि आता तर तिने त्यांना कायमचं बोलावलंय. नव्या घरात लिफ्ट आहे, वेगळी खोली आहे, खाली बाग आहे, बागेत बाक आहेत. बाबा म्हणाले, "महिनाअखेरीला सांगतो काय ते." मी म्हटलं, तुमची मर्जी. पोळी करपली तरी मी तव्यापुढून हलले नाही. सात वाजले की वाटतं, हा डाव नाही. बाबाच निघालेत तिच्याकडे, एकेक घर करत.

७ मार्च

दिवसभर तोलकाटे तपासले. एका खिळेवाल्याचा काटा किलोमागे तीस ग्रॅम खात होता. मी माझी प्रमाणित वजनं मांडली, तो म्हणतो, बाई, काटा खरा आहे, आज हवाच जड आहे. एकवीस वर्षं असली कारणं ऐकतेय. शिक्का नाकारला.

चहाच्या वेळी आमच्या शिपायाला विचारलं, फोनवरच्या फाशांचं काय खरं असतं? तो म्हणाला, सगळी लबाडी. त्याच्या मेव्हण्याला हवे तेव्हा सहा कधीच पडत नाहीत, समोरच्याला मागेल तेव्हा पडतात.

वाटलंच मला! गावभरचे काटे मी तपासते, आणि माझ्याच घरात रोज पडणारा फासा तसाच सोडून देते. सोमवारपासून नोंद ठेवायची.

१० मार्च, सोमवार

वही घेऊन बाबांच्या शेजारी बसले. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे बाबा, उजवीकडे राणी, खाली एक ते सहा. प्रत्येक फाशाला एक काडी. बाबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, ऑफिसचं काम. त्यांनी काही विचारलं नाही पुढे. पाठीमागची उशी काढून मला दिली.

पासष्ट फासे तिचे, तितकेच त्यांचे. राणी जिंकली.

१३ मार्च

तिची खेळायची रीत आता पाठ झाली. मारता येत असेल तर मारणारच. नसेल तर सगळ्यात पुढची सोंगटी आणखी पुढे. थांबणं नाही, विचार नाही, दयामाया तर औषधालाही नाही. अगदी तिचाच स्वभाव! लहानपणी माझी रंगांची पेटी अशीच उचलली होती. आईच्या मागे शिलाई मशीन नेली तीही अशीच — समोर दिसली, घेतली. माणूस फोनच्या पलीकडे असला तरी स्वभाव काही लपत नाही.

१४ मार्च

सव्वा तास चालला डाव. वरण उतू गेलं. नवरा म्हणाला, तुझे सहा मोजून झाले असतील तर आमच्या पोटातले कावळेही मोज.

१७ मार्च, सोमवार

खेळताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे आज लक्षात आलं. विचारलं तर बाबा म्हणाले, बोललं की तिचं लक्ष उडतं. तिचं लक्ष उडू नये, माझं उडालं तरी चालेल! कारण माझ्याशी ते अखंड बोलत असतात. बसडेपोत वेळा लिहायची नोकरी, तिथला तो बहिरा ड्रायव्हर, आई पहिल्यांदा दिसली ती शेवटच्या गाडीच्या रांगेत आणि तिच्या हातात फुटकी छत्री होती. हे छत्रीचं मला ठाऊकच नव्हतं. ऐकता ऐकता दोन काड्या चुकल्या, पान पुन्हा लिहावं लागलं. चिडले मी. तेही सॉरी म्हणाले आणि लगेच पुढचं सांगायला लागले.

१९ मार्च

राणी जिंकली. सव्वा तास.

२३ मार्च, रविवार

चौदा दिवसांची बेरीज केली. दोघांचेही नऊशे दहा फासे झाले. सरळ हिशेबाने सहा पडायला हवेत दीडशेच्या आसपास. राणीला पडले एकशे एक्कावन्न. बाबांना एकशे सत्तेचाळीस. बाकीचे आकडेही असेच, थोडे वर थोडे खाली. इतका फरक मी चांगल्यातल्या चांगल्या काट्यालाही माफ करते.

फासा खरा आहे. दोन वेळा बेरीज तपासली. खरा आहे.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लबाडी सापडली असती तर बाबांपुढे वही ठेवता आली असती. आता काय ठेवू? चौदापैकी तेरा डाव तिने जिंकलेत. म्हणजे ती खरंच हुशार. देवाने तेही तिलाच दिलं.

२५ मार्च, मंगळवार

आज फाशाकडे बघितलंच नाही. बाबांच्या बोटाकडे बघत होते.

हिरवी सोंगटी चांदणीवर, तिथे कुणी मारू शकत नाही. दुसरी सोंगटी हलवायला मोकळी. तरी बाबांनी चांदणीवरचीच उचलली आणि लाल सोंगटीच्या पुढे तीन घरांवर नेऊन ठेवली. तिला तीन पडले, मारली. पुन्हा सहा पाडून आले, पुन्हा तेच. असं चार वेळा! चाळीस वर्षं मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवलेला माणूस, त्याला तीन घरं मोजता येत नाहीत?

मुद्दाम हरतायत. तिला जिंकवतायत!

मला कधी जिंकू दिलं नाही. एकदाही नाही. मी आठ वर्षांची असताना पट उधळून रडले होते, तर म्हणाले, रडून सोंगटी परत येत नसते. आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने सोंगट्या देतायत, वर हसतायत. महिनाअखेरीला काय सांगणार ते आजच कळलं. आजारपणात मी, सुखात ती. द्या म्हणावं, सगळंच द्या तिला.

२६ मार्च

आज शेजारी बसले नाही. भांडी घासत राहिले, घासलेलीही पुन्हा घासली. डाव पंचवीस मिनिटांत संपला. बाबा जिंकले म्हणे. आवाज नाही, हसणं नाही. टॅबलेट बंद करून भिंतीकडे तोंड करून पडले.

२७ मार्च

आजही बसले नाही. बाबांनी एकदा हाक मारली. पाणी हवं होतं का विचारलं, तर नको म्हणाले.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी वजनांच्या खोलीचं दार लावून धाकटीला फोन केला. हॅलो वगैरे काही नाही. सरळ म्हटलं, तुला बाबा हवेत ना, घेऊन जा. पण माझ्या घरात आहेत तोवर त्यांना रोज लुडोत हरवायचं नाटक बंद कर.

ती म्हणाली, "ताई, कसला खेळ?"

फेब्रुवारीपासून तिची कामाची वेळ बदललीय. संध्याकाळी सहाला कामावर जाते, मध्यरात्री घरी येते. बाबांना तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, आता जमणार नाही. ते म्हणाले होते, हरकत नाही, यंत्राशी खेळता येतं, आणि यंत्राला हवं ते नाव देता येतं.

मी खाली बसले. वजनांच्या पेटीवरच. एका यंत्राचा स्वभाव ओळखत बसले होते मी. त्याच्या चालींवरून तिला शिलाई मशीनपर्यंत दोष देऊन मोकळी झाले!

आणि तिकडे राहायला जाण्याचं? तिचा आवाज बारीक झाला. "मी बोलावलं त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नाही सांगितलं, ताई. तुला बोलले नाहीत?"

नाही बोलले. संध्याकाळभर त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

२९ मार्च

सातला वही न घेता बसले. विचारलं, समोर यंत्र होतं, मग हरत का होतात?

बाबा म्हणाले, "राणी जिंकली म्हटलं की तू दारापर्यंत तरी यायचीस. मग बसायला लागलीस. मार खाल्ला की सोंगटी पहिल्यापासून आणावी लागते, डाव लांबतो. संपला की तू उठतेस."