ओसियनदादासाठी घेतलेली स्टेशन वॅगन

हेर्नोसांद, ११ मे

ती. गोथार्ड दाजी यांस,
धाकटा मेहुणा एय्नार याचा मनापासून नमस्कार.

तुमच्या खुब्याचं दुखणं आता कसं आहे? जिना चढता येतो की अजून खालच्याच खोलीत झोपता? तुमच्याकडे दक्षिणेत एव्हाना सफरचंदं फुलली असतील. इथे आमच्या घराच्या सावलीच्या बाजूला अजून बर्फाचा एक मळकट ढीग आहे आणि तो काही हलायचं नाव घेत नाही. माझी प्रकृती ठीक. (तब्येतीबद्दल खाली ताजा कलम आहे, पण ते शेवटी.) ताईला नमस्कार सांगा. बुधवारी दादा गेल्याचं कळवायला फोन केला तेव्हा तीच बोलली. 'बरं,' एवढंच म्हणाली आणि ठेवला. तुम्ही लगेच पंधरा मिनिटांनी उलट फोन केलात, चार शब्द बोललात, त्याबद्दल आभार. त्या वेळी मला धड बोलता येत नव्हतं, म्हणून सगळं पत्रात लिहितो.

आधी एक कबुली. मार्चमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं की मागे लांब सामान मावेल अशी जुनी स्टेशन वॅगन विकत घ्यायची तर काय काय बघायचं, आणि कारण दिलं होतं मासेमारीची जाळी न्यायची आहेत. दाजी, माझ्याकडे जाळी नाहीत. कधीच नव्हती. तुम्ही तीस वर्षं वाहन तपासणीत काढलेला माणूस, तुम्हाला खरं कारण सांगितलं असतं तर ते ताईच्या कानावर गेलं असतं आणि दादाला ते नको होतं. गाडी दादालाच हवी होती. स्वतःच्या शेवटच्या प्रवासासाठी. डॉक्टरांनी फेब्रुवारीत त्याला समोर बसवून उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितली. तो घरी आला, कॉफी करून प्याला आणि मला म्हणाला, "एय्नार, त्या काळ्या पॉलिशच्या गाडीतून मी जाणार नाही. आतला माणूस टाय लावून बसतो, त्याच्याशी मी काय बोलणार? आपण आपली गाडी घेऊ. तू चालव." मी म्हटलं असं चालत नाही. तर त्यानं आधीच चौकशी करून ठेवली होती. शवपेटी बंद असली आणि नीट बांधलेली असली की घरची माणसं आपल्या गाडीतून नेऊ शकतात. नूरडिंग्रोच्या चर्चच्या आवारात आईशेजारी जागा आहेच. इथून सत्तर किलोमीटर.

आता मी अडतीस वर्षं शहरात बस चालवली हे खरं, पण बसचं बॉनेट एकदाही उघडलं नाही. त्याला डेपोत माणसं असतात. दादा होड्यांचा सुतार. त्याला लाकडातलं सगळं कळायचं, लोखंडातलं काही नाही. म्हणून तुमची यादी लागली. ती दादानं स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चिकटवली होती आणि तो ती रोज सकाळी मोठ्यानं वाचायचा. सुटं चाक ठेवतात तो खड्डा उघडून पाणी बघणे. दाराखालचा पत्रा टोकरून बघणे. लोहचुंबक फिरवणे, चिकटला नाही तर पुट्टी समजणे. इंजिन गार असतानाच चालू करायला लावणे. तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा फेस दिसला तर टोपी उचलून निरोप घेणे. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कागदावर लिहिलेलं असेल तरच खरं मानणे. याखाली दादानं सुतारी पेन्सिलनं आपलं एक कलम वाढवलं होतं: आडवं पडून बघणे.

पहिली गाडी बघितली ती गावातल्याच एका विक्रेत्याकडे. लाल, चकचकीत, आत लिंबाचा वास. दादा तोवर काठी घेऊन चालत होता, पण लोहचुंबक हातात आला की पोरगा व्हायचा. मागच्या चाकावरच्या पत्र्याला त्यानं चुंबक लावला, तो सरळ खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. विक्रेता हसऱ्या तोंडाचा तरुण माणूस, तो म्हणाला, "काका, चुंबकाचं काय घेऊन बसलात! मी सांगतो ना, ही गाडी अजून दहा वर्षं कुठे जात नाही."

"मग काय कामाची?" दादा म्हणाला. "मला जायचंय."

मग त्यानं मागची सीट पाडली, बूट काढले (बूट काढून शेजारी नीट जोडीनं ठेवले, हे मला अजून दिसतं) आणि आत जाऊन छातीवर हात ठेवून आडवा झाला. विक्रेता गोंधळला. त्यानं विचारलं, "तंबू घेऊन फिरायला जाताय वाटतं?" दादा आतून म्हणाला, "हो. एकटाच. मुक्काम लांबचा आहे." मी पलीकडच्या गाड्यांच्या टायरांकडे बघत उभा राहिलो. डोळ्यांत पाणी हसण्याचं होतं की कसलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

दुसरी गाडी एका शेतकऱ्याकडे. आम्ही येणार हे ठाऊक असल्यामुळे त्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं. दादानं बॉनेटवर आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला आणि म्हणाला, "हिला ताप आहे." शेतकरी म्हणाला की ऊन लागलं असेल. ऊन! मार्चच्या शेवटी, आमच्याकडे! मागचं दार उचलून धरणाऱ्या दोन्ही दांड्यांमधला जीव गेलेला होता हे मात्र यादीवरून कळलं नाही, डोक्यावरून कळलं. मी आत वाकलो आणि ते दार माझ्या डोक्यावर आलं. तीन टाके पडले. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पेशंट कोण?" कारण दादा माझ्यापेक्षा पुष्कळ वाईट दिसत होता. परतताना तो हसून हसून दमला आणि मग सबंध वाट खिडकीला डोकं टेकून झोपला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की गाडी वेळेवर मिळणार नाही.

तिसरी गाडी राम्विकला मिळाली. माय्वोर नावाच्या बाईंच्या धान्यकोठारात ती उभी होती. पंधरा वर्षांची, करड्या रंगाची, दिसायला अगदी सामान्य. त्यांचे यजमान बिर्गर संगीतशिक्षक होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी गाडीची एक वही ठेवली होती. तेल, चाकं, दिवे, सगळं पेन्सिलीनं तारखेनिशी. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद होती, आणि खाली "आता निर्धास्त" असं लिहिलेलं. दादा ते पान किती वेळ बघत बसला! मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावलं, पट्ट्यावरचं झाकण त्या बाईंनीच दोन खटके उघडून सहज काढून दिलं, आणि दादानं आत बोट घालून तो पट्टा चाचपला. घोड्याच्या लगामासारखा.

"यातून काय न्यायचंय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मी जाळी म्हणणार होतो. दादानं मला थांबवलं. "मला न्यायचंय," तो म्हणाला. "उन्हाळ्याच्या आधी. आईकडे."

माय्वोरबाई आत गेल्या, कॉफी आणि दालचिनीचे बन घेऊन आल्या आणि कोठारातच एका पेटाऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "बिर्गरला त्या लोकांनी नेलं तेव्हा मी मागून दुसऱ्या गाडीत होते. चौकात सिग्नल लागला आणि त्याची गाडी पुढे गेली, माझी मागे राहिली. मला सारखं वाटतं, आपणच न्यायला हवं होतं." भाव केला नाही, आम्हीही नाही. फक्त एक अट घातली, की मागच्या काचेवरचं शाळेच्या वाद्यवृंदाचं स्टिकर खरवडायचं नाही. ते अजून आहे. दादा तुतारी आणि ढोलाच्या चित्राखालून जाईल.

येताना गाडी दादानंच चालवली. गाडी चालवण्याची त्याची ती शेवटची वेळ. मोठ्या पुलाच्या अलीकडे त्यानं ती कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून बसला. मला वाटलं दुखायला लागलं. पण तो बोलायला लागला. दाजी, आईच्या दफनाच्या दिवशी तो वेळेवर का पोचला नाही ते अकरा वर्षांत त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं. आपल्याला एवढंच ठाऊक की तो दोन तासांनी एका दुधाच्या ट्रकमधून उतरला, तोवर माती लोटून झाली होती, आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "जिवंतपणी कधी वेळेवर आला नाहीस, आता कशाला आलास?" तेव्हापासून ती दोघं बोलली नाहीत. त्याचं असं झालं होतं की त्याच पुलाच्या अलीकडे त्याच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला आणि गाडी जागीच बंद पडली. बदलायला हवा असं वर्षभर माहीत होतं, त्यानं आळस केला. "काय सांगणार होतो?" तो मला म्हणाला. "रबराच्या पट्ट्यामुळे आईला पोचवायला आलो नाही, असं? ताईचं बरोबरच होतं. या वेळी मात्र मला वेळेवर पोचायचंय, एय्नार. अकरा म्हणजे अकरा."

त्यानंतर पेटीचं काम सुरू झालं. लोक आधी पेटी करतात. दादानं आधी गाडी घेतली, मग गाडीच्या मापानं पेटी केली. तो बुटका आहे हे आयुष्यात एकदाच उपयोगी पडलं. पाइनच्या फळ्या, होडीसारखे सांधे. उभं राहवेना तेव्हा खुर्चीत बसून रंधा मारला, खुर्चीतही बसवेना तेव्हा पलंगावरून मला शिव्या दिल्या. ("बसवाल्या, ते लाकूड आहे, तिकीट नव्हे. असं फाडू नकोस!") पेटी उचलायच्या पाच कड्या त्यानं बसवल्या. सहावी मी बसवली, ती वाकडी आहे. मंगळवारी त्याला दाखवली तर बराच वेळ बघून म्हणाला, "राहू दे. एकीवर तुझं नाव असावं." बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास, मी लापशी ढवळत होतो तेव्हा, तो गेला. चुलीवरून भांडं उतरवायचंसुद्धा मला सुचलं नाही. ते करपलं, आणि घरभर अजून तोच वास आहे.

दफन शुक्रवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता. पेटीत बटाट्याची पोती भरून ती मी गाडीत बसवून पाहिली, मागचं दार बोटभर जागा राखून बंद होतं. यादीतलं सगळं जमलं, दाजी. सुट्या चाकाच्या खड्ड्यात थेंब नाही. तुमच्यामुळे दादाला हवी होती तशी गाडी मिळाली.

तब्येतीला जपा. थंडीचे मोजे इतक्यात काढू नका.

तुमचा,
एय्नार

ता. क. चढावर तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या किंचित वर जातो आणि उतारावर परत येतो. हे चालेल ना? पुलाचा चढ मोठा आहे.

ता. क. २. मघाशी तब्येतीचं म्हटलं होतं. गेले काही महिने मला कडेचं नीट दिसत नव्हतं. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि आजपासून गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, लायसन्सही जाणार. अडतीस वर्षं मी या गावाला इकडून तिकडे नेलं, आणि भावाला सत्तर किलोमीटर नेता येणार नाही. हे मी दादाला सांगू शकलो नाही याचं बरंही वाटतं. तुमच्या खुब्यामुळे तुम्ही चालवू शकत नाही, आणि परक्या माणसाला ती किल्ली मी देणार नाही. आपल्यात आता गाडी चालवणारं एकच माणूस उरलंय. हे पत्र ताईला वाचायला द्या. मला फोनवर विचारायचं धाडस नाही.

ता. क. ३. तिच्यासाठी काही निरोप आहे का, असं मी दादाला शेवटच्या आठवड्यात विचारलं होतं. म्हणाला, नाही. म्हणून मी म्हणतो, गाडीत तिनंही काही बोलायलाच हवं असं नाही. सीट मी तिच्या मापानं पुढे ओढून ठेवली आहे.