नको म्हणजे नको

११ डिसेंबर, सकाळ
लातूरला परत येऊन आठवडा झाला नाही, तोच शेजारची नागम्मा गल्लीभर सांगत फिरतेय की मी ‘टिपिकल अमेरिकन’ झाले. का, तर मुलाकडे, उमाशंकरकडे, डॅलसला सहा महिने राहिले. टिपिकल अमेरिकन म्हणजे घरात बूट घालून फिरणारा, पाण्यात बर्फ टाकणारा आणि अनोळखी माणसालाही दात दाखवणारा. मी ओळखीच्यांनाही दाखवत नाही.

संध्याकाळ
कारण कळलं. काल नागम्मा आली, मी चहा विचारला, ती नको म्हणाली, मी टाकला नाही. तिची सून वर्षाराणी आज सांगते, सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, “अक्कानं एकदाच इचारलं. पैल्या नकोला कुणी ऐकतं का?” इथला पाहुणा तीनदा नको म्हणून चौथ्यांदा कप धरतो, हे मला ठाऊक आहे. पण नको म्हणजे नको. हे मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलं. त्यात अमेरिकेचा काय संबंध?

१४ डिसेंबर
नागम्मा संध्याकाळची येत नाही. उत्तम. वाचन होईल.
झालं नाही. दार उघडं ठेवावं लागतं. हवेसाठी.

१७ डिसेंबर
परवा येळवस, वेळ अमावस्येचा शेतातला सण. दरवर्षी मी नागम्माच्या शिरूर अनंतपाळच्या शेतात जेवते. यंदा निरोप आला वर्षाराणीबरोबर: “यायचं असंल तर या म्हणाल्या. आग्रह न्हाई. तुमाला चालत न्हाई म्हणं.”
जाणार. अस्सल लातूरची बाई कशी असते, ते दाखवूनच येणार.

१९ डिसेंबर, शेतातून आल्यावर
इरकल नेसले. खुर्ची दिली ती परत पाठवली, पंगतीत मांडी घालून बसले. नागम्मा भज्जीचं, येळवसच्या मिसळ भाजीचं, भगुलं घेऊन आली. “वाढू का अक्का?” मी रीतीप्रमाणे मान खाली घालून नको म्हणाले. ती पुढे गेली. शेजारी व्यंकटराव नको नको म्हणत पत्रावळीवर आडवे झाले, तर त्यांचा हात बाजूला सारून तिने दोन पळ्या भज्जी घातली. बाजरीचे उंडे आले. नको. आंबील आली. नको, पण जरा हळू. तीही पुढे गेली.
पंगत उठली. मी कोऱ्या पत्रावळीसमोर बसून राहिले. नागम्मा परत येणार याची खात्री होती. आलीच. वाकून म्हणाली, “पायाला मुंग्या आल्या का अक्का? हात देऊ?”
नको म्हणाले.
तिने दिला नाही.