रुग्णास कल्पना दिली आहे

हुडकेश्वर, नागपूर

चि. अश्विन,

आशीर्वाद आहेतच.

कॅन्सरच्या पेशंटला खरं सांगितल्यावर त्याचं काय होतं, हे मोजणारी एक पोरगी काल दवाखान्यात आली.

"आजोबा, थोडेच महिने राहिले हे कळल्यावर तुमची चिंता किती वाढली? शून्य ते दहात सांगा."

"कोणाचे महिने वं?" मी विचारलं.

तिनं माझी फाइल उघडली. मग त्यातला कागद वाचून दाखवला : रुग्णास पूर्ण कल्पना दिली आहे. खाली तुझी सही होती. मी चौथी शिकलेलो, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी ती ओळखली.

"दहा लिही," मी म्हटलं. "त्याच्यापुढं तुह्या कागदात जागा नाही."

मोतीबिंदू काढतो म्हटलं की तू म्हणायचास, "बाबा, आधी गाठ बरी होऊ द्या, मंग डोळ्याचं पाहू." मी थांबलो. दिवाळीत तुझी मुग्धा माझ्या मांडीवर बसली, तीही धुरकटच दिसली. महिने माझे होते, अश्विन. ते कशात घालवायचे, हे तू ठरवलंस.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर पुण्याहून रडत येशील आणि या अंगानं मलाच तुझी समजूत काढावी लागेल.

तुझा बाप,
चंद्रभान