ताईचं तांबडं छप्पर

बोवाल, उत्तर फ्रान्स, २० सप्टेंबर १९४४

प्रिय युजेनीताईस,

धाकट्या लेओंतीनकडून तुला, भावजींना आणि पोरींना भरभरून प्रेम. आम्ही सगळे धडधाकट आहोत.

जर्मन गेले! जाताना माझी सायकल पळवली, आणि ती पंक्चर होती. मेले अजून ढकलत असतील. रविवारी चर्चपुढं इतकं नाचलो की माझा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय.

तू विचारलंस, घर कसं आहे. पंधरवड्यात निघतो, चूल पेटवून ठेव म्हणालीस. सांगते. आधी सफरचंदांचं ऐक. यंदा तुमच्या बागेतली अकराही झाडं लगडलीत. हो, अकराच. चाळीस होती, ठाऊक आहे मला.

तुम्ही दक्षिणेत गेलात आणि जर्मनांनी तुमच्या बागेत सिमेंट ओतायला घेतलं. एक लांबलचक चढती धाव, घसरगुंडीसारखी, तोंड थेट लंडनकडं. उडते बॉम्ब सोडायला. बाजूला एक खोली बांधली, बॉम्बचं होकायंत्र बिघडू नये म्हणून तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा चालत नसे. आपले गवंडी खिळ्यांचे बूट बाहेर काढून थंडीत अनवाणी आत जायचे आणि जर्मनांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

आपला पोस्टमन फिर्मां इंग्रजांना गुपचूप खबरा पाठवायचा. एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "वहिनी, वैमानिकाला वरून दिसेल अशी एखादी खूण सांगा."

मी म्हटलं, "त्यात काय विचार करायचा? आमच्या ताईचं छप्पर! सगळ्या गावात तेवढंच तांबडं."

"नक्की दिसेल?"

"अहो, त्या छपराचा तोरा अख्ख्या पंचक्रोशीला दिसतो, इंग्रजांना दिसणार नाही होय?"

दोघंही पोट धरून हसलो. छपरापासून दोनशे पावलं डावीकडं, असं मी बजावून सांगितलं होतं गं! पण ती पावलं वाटेत कुठं गळाली देव जाणे. जानेवारीत विमानं आली आणि खुणेलाच लक्ष्य समजून बॉम्ब टाकून मोकळी झाली. सिमेंटच्या धावेवर ओरखडासुद्धा नाही. ताई, तुझं घर पडलं. दाराची चौकट आणि चूल तेवढी उरलीय.

पुढच्या दोन खेपांना धावेचा चुराडा झाला. इथून एकही बॉम्ब लंडनला गेला नाही. गावात कुणी दगावलं नाही, माझं एक बदक सोडलं तर.

त्यानंतर चार पत्रांत मी तुला "घर ठीक आहे" असं धडधडीत खोटं लिहिलं. भावजींनी एकेक कौल स्वतः चढून बसवलं होतं, ते आठवलं की मी खरं लिहिलेला कागद चुलीत टाकायचे. फिर्मां म्हणतो, "विमानांनी पाडलं म्हणा आणि सुटा. खुणेचं कुणाला कळतंय?" पण तुझ्यासमोर रोज जेवायला बसून मला ते लपवता येणार नाही. आणि खरं सांगू? पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. फक्त डावीकडं हे दहादा सांगेन.

माझ्या माडीवरच्या दोन्ही खोल्या झाडून-पुसून रिकाम्या केल्यात. घर नाही म्हणून तिकडंच राहू नकोस गं. आधी अंगणात उभं राहून मला हवं तेवढं झापून घे, शेजारीपाजारी जमले तरी चालतील. दमलीस की आत ये.

तुझं छप्पर इंग्रजांना दाखवून देणारी,
तरीही तुझीच
लेओंतीन